फ्रेमबाहेरची दापोलीवाली

दापोलीवालीला सौदीतलं ताइफ सोडून आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत ती माझ्याशी धड एक वाक्य बोलली नव्हती. दर शुक्रवारी मी तिला मी काढलेला एखादा फोटो पाठवायचे. तिच्याकडून अंगठा यायचा. नुसता अंगठा. सात वर्षं एका खोलीत राहिलेल्या बाईकडून अंगठा आला की काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. चूक माझी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी माझी बाजू घ्यायला नको.

आम्ही दोघी इथल्या सरकारी हॉस्पिटलात डायलिसिसच्या नर्सेस. मी सांगलीकडची, ती दापोलीजवळच्या खाडीकाठच्या मुसलमान घरातली. हॉस्टेलात केरळच्या आणि फिलिपिन्सच्या मुलींचे मोठमोठे कंपू. मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्यामुळे एकमेकींना पसंत करण्याचा प्रश्नच आला नाही. ती मला घाटी म्हणायची, मी तिला बोंबील. तिच्या सुक्या मासळीच्या वासावरून मी पहिले सहा महिने कडाकडा भांडले आणि सातव्या महिन्यापासून तिच्याच हातचं जेवायला लागले.

बायकांना इथे गाडी चालवायची मुभा मिळाली तेव्हा मी लायसन्स काढलं, जुनी गाडी घेतली आणि पाठोपाठ कॅमेरा घेतला. ती शिकली नाही. ‘तू चालव, मी बघते,’ म्हणाली. आणि बघायचीही तशीच. तिचे वडील होडीवाले. पाण्याचा रंग बघून खाली मासळी आहे की नाही हे ती लहानपणापासून सांगायची म्हणे. हदाच्या घाटात माकडांची टोळी दरडीआड असली तरी तिला आधी कळायची. वाळूत वाळूच्याच रंगाचा धब, म्हणजे आपल्या घोरपडीचा इथला काटेरी शेपटीचा भाऊबंद, मला दहा हातांवरून दिसायचा नाही. ती चालत्या गाडीतून बोट दाखवायची. ‘घाटावरच्या बायांना समोरचा उंटपण दिसत नाय,’ वर हे.

पहिल्याच वर्षी एक प्रकार घडला. शफ्याच्या डोंगरावर शुक्रवारची गर्दी होती, झाडांखाली गालिचे टाकून घरंच्या घरं बसलेली. मी दरीचा फोटो काढला आणि त्याच्या कोपऱ्यात एका घरातल्या बायका आल्या. त्यांच्यातला एक पुरुष तरातरा चालत आला. दापोलीवाली मध्ये पडली, मोडक्यातोडक्या अरबीत माझ्या वतीने माफी मागितली, त्याच्यासमोर मला ते फोटो पुसायला लावले आणि ‘खलास, खलास’ करत मला गाडीत कोंबलं. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. फ्रेममध्ये माणूस येऊ द्यायचा नाही. डोंगर, जनावर, आकाश, बस.

हळूहळू त्या नियमात तीही आली. मी कॅमेरा डोळ्याला लावला की ‘सरक जरा’ म्हणायचे. पुढे म्हणावंही लागायचं नाही, ती आपसूक माझ्या मागे जाऊन उभी राहायची, लेन्सची पिशवी छातीशी धरून.

मग तिची आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली आणि तिने नोकरी सोडायचं ठरवलं. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, परत करून कायमचं जायचं. शेवटच्या शुक्रवारी कुठे जायचं ते तिने सांगितलं: वाहबाचं विवर. तीन तासांचा रस्ता, काळ्या दगडांचं माळरान, आणि मध्येच जमिनीला पडलेला प्रचंड खड्डा, तळाशी पांढरंशुभ्र मीठ. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. ती गाडीतून उतरली, आरशात बघून काजळ सारखं केलं, आईने पाठवलेला हिरवा दुपट्टा डोक्यावर नीट घेतला आणि कड्याजवळ जाऊन उभी राहिली.

‘आज माझा एक काढ गो,’ ती म्हणाली. ‘मागे तो पांढरा तळ येऊ दे. घरी मा हाय ना, तिला दाखवीन. म्हणेन, मी तिथे नुसत्या सुया टोचत नव्हते, असंपण काय काय बघितलं.’

सात वर्षांत तिने पहिल्यांदा हे मागितलं होतं. मी कॅमेरा उचलला. ती हसली, आणि तिच्या खांद्यापलीकडे काळ्या दगडांवर काहीतरी हललं. लांडगा. फिकट, हडकुळा, उभा राहून आमच्याकडेच बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा एखादं जनावर तिच्या आधी मला दिसलं होतं.

‘खाली बस!’ मी दबक्या आवाजात ओरडले. ‘अगं बस ना, मध्ये येतेस!’

ती बसली. तशीच, त्या टोकदार दगडांत, दुपट्टा दोन्ही हातांनी आवळून, हलायचं नाही म्हणून मानही न वळवता. मी फोटो काढत सुटले. लांडगा चार पावलं चालला, थांबला, वास घेतला आणि दगडांआड गेला. मी पडद्यावर एकेक फोटो बघत होते. किती वेळ, देव जाणे.

‘आता?’ खालून आवाज आला. ती अजून बसलेलीच होती.

‘उजेड गेला गं. उद्या काढू की, हॉस्टेलच्या दारात.’

‘हॉस्टेलच्या दारात काय हाय?’ एवढंच ती म्हणाली आणि उठून गाडीत जाऊन बसली. येताना तीन तास ती डोकं खिडकीला टेकवून बसली. दमली असेल, असं मी ठरवून टाकलं. पेट्रोल पंपावर थांबलो तिथेही मी लांडगा बघत होते.

दुसऱ्या दिवशी तिला जेद्दाला न्यायला गाडी आली तेव्हा माझे दोन पेशंट मशीनला लावलेले होते. तसं सोडून जाता येत नाही. ती युनिटच्या दारात आली. आम्हा नर्सेसना ड्यूटी बदलताना पुढच्या बाईला सगळं सांगून मगच निघायची सवय असते. मी तिला तसंच सांगितलं. पासपोर्ट वरच्या कप्प्यात, एक्झिटचा कागद त्याच्यात, आईच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, विमानात पाणी पीत जा. ती हो हो म्हणत होती. मग तिने हात पुढे केले. माझ्या ग्लोव्हजना रक्त लागलेलं होतं म्हणून मी हात मागे घेतले. तिने क्षणभर बघितलं आणि गेली. सगळं सांगितलं मी तिला, फक्त तू गेल्यावर माझं कसं होणार हे सांगितलं नाही.

तिची खाट अजून रिकामी आहे. शुक्रवारी मी जाते, नाही असं नाही. पण जनावरं दिसत नाहीत. ती तिथेच असणार, मला दिसत नाहीत. परवा हदाच्या घाटात एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवून मला दरडीवरची माकडं दाखवली, मी त्यांच्याखालून तशीच चालले होते. आठवडाभर मी मराठी बोलते ती फोनवर भावाशी पाच मिनिटं आणि गाडीत स्टिअरिंगशी. मला करमत नाही. याला दुसरा कुठलाही भारदस्त शब्द नको.

लांडग्याचा फोटो मात्र फार वाखाणला गेला. सुपरवायझरने तो मोठा करून युनिटच्या भिंतीवर लावला. गेल्या महिन्यात एक म्हातारे पेशंट, उंट पाळण्यात आयुष्य गेलेले, सुई टोचून घेताना त्याच्याकडे बघत होते. ‘लांडगा एकट्या माणसाला इतकं जवळ येऊ देत नाही, असं आम्ही म्हणायचो,’ ते अरबीत म्हणाले. ‘तुझ्याबरोबर कोण होतं?’

‘कुणी नाही,’ मी सांगून गेले.

मशीन लावलं, आकडे बघितले, आणि मग मला स्वतःची भयंकर लाज वाटली. ड्यूटी संपल्यावर खोलीत येऊन मी सात वर्षांचे सगळे फोटो काढून बसले. एकात तरी ती असेल. हजारो फोटो. कुठेच नाही. काहींत तिची सावली आली होती, दुपट्ट्याचं टोक आलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. तेही नव्हतं. फोटोतली नको असलेली वस्तू बोटाने पुसायची सोय फोनमध्ये असते. दर शुक्रवारी परत आल्यावर, तिने वाढलेलं ताट शेजारी घेऊन, मीच ती सावली, ते टोक पुसत बसत होते.

त्या शुक्रवारी मी फोटो पाठवला नाही. लिहिलं: ‘तुझा एकही फोटो माझ्याकडे नाही. होतीस तिथूनही मी तुला पुसलं. तुला दगडांत बसवलं. माझं चुकलं. तुझ्याशिवाय इथे मला करमत नाही.’ तिने वाचल्याच्या खुणा उमटल्या. अंगठा आला नाही. त्या आठवड्यात मला पहिल्यांदाच त्या अंगठ्याचीसुद्धा आठवण आली.

पुढच्या शुक्रवारी मी शफ्याच्या कड्यावर गाडी लावून बसले होते, कॅमेरा पिशवीतच होता, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. सवयीने मी फोन फिरवून तिला दरी दाखवायला लागले, ढग, खालचा वळणावळणाचा रस्ता.

‘डोंगर नको गो दाखवू,’ ती म्हणाली. ‘डोंगर मला ठाव हायत. तुझं तोंड बघू दे.’

मी फोन वळवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. तिच्या गालाची हाडं वर आली होती.

‘जेवतेस की नाय?’ तिने विचारलं, आणि मला रडू फुटलं. तीही रडली, पण ती रडतानाही मला शिव्या देत होती. मग ती उठली, फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. खाटेवर तिची आई होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. ‘मा, बघ कोण हाय,’ ती म्हणाली. आईने पडद्यावर डोळे रोखले आणि एकेक अक्षर कष्टाने बाहेर काढत विचारलं, ‘फोटो... काढनारी?’

‘नाय,’ दापोलीवाली म्हणाली. ‘माझ्यासंगती राहायची ती.’

कॉल संपला. ती माझ्याशी बोलली होती. पण ‘राहायची’ म्हणाली होती. आता ती परत येणार नाही, हे मला तेव्हा कळलं.