टेप शाबूत होती, टाकी भरली होती

ओसाकात कॅम्पिंग कार भाड्याने देणाऱ्या एका माणसाने मला फसवलं. त्या गाडीत काहीतरी आहे हे त्याला माहीत होतं, आणि ते न सांगता त्याने माझ्या हातात किल्ली ठेवली. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण पुढचं वाचून या ग्रुपवरचे अर्धे लोक "मस्त अनुभव, अंगावर काटा आला" वगैरे लिहून मोकळे होतील. मला कोणाच्या अंगावर काटा आणायचा नाहीये. मला तक्रार करायची आहे... फक्त अशी तक्रार कुठल्या ऑफिसात घेतात ते मला माहीत नाही.

भुतंखेतं, बाधा, करणी यातलं मी काही मानत नाही, आजही नाही. इचलकरंजीत शाळा सोडून यंत्रमागावर उभा राहिलेला माणूस आहे मी. आज जपानमधल्या बंद पडलेल्या गिरण्यांतून जुने माग विकत घेऊन भारतात पाठवतो. या धंद्यात संशय हेच भांडवल. समोरचा "उत्तम चालू स्थितीत आहे" म्हणून कमरेत वाकतो, तेव्हा मी मशीनच्या मागचं झाकण उघडतो. माल पसंत पडला की पेटीवर टेप लावून सही करतो, अर्धी टेपवर, अर्धी लाकडावर. मधे कोणी पेटी उघडली तर सही जुळत नाही. आजवर कोणाला जुळवता आलेली नाही.

आई जूनमध्ये आमच्याकडे जपानला आली होती. बाबा गेल्यापासून ती इचलकरंजीच्या घरात एकटी राहते. राहायची. दुपारी दार सताड उघडं, गल्लीतल्या चार बायका आत, शेवया नाहीतर सांडगे चाललेले. पण दिवाळीत तिच्या हातून गॅस चालू राहिला आणि पातेलं जळून कोळसा झालं. तेव्हापासून पुण्याच्या दादाने धोशा लावला होता, की आईला विसरायला होतंय, घर भाड्याने देऊ आणि तिला फ्लॅटवर आणू. आईला ते मरणाहून नको होतं. शेवटी ठरलं, की ती जपानला येईल, महिनाभर आम्ही तिला बघू आणि मग निर्णय घेऊ. म्हणजे सहलीच्या नावाखाली परीक्षाच होती, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

तिला बीपीची पाण्याची गोळी आहे, सारखं जावं लागतं, गुडघेही धरलेले. म्हणून तिला फिरवायला टॉयलेटवाली गाडी हवी होती. इथे भाड्याच्या गाड्यांमध्ये टॉयलेट असतं, पण बहुतेक मालक वापरू देत नाहीत. कारण सरळ आहे. टॉयलेटखालची टाकी भरली की ती रिकामी करायला डंप स्टेशन लागतं, आणि जपानच्या ग्रामीण भागात डंप स्टेशन शोधणं म्हणजे इचलकरंजीत सुशी शोधणं.

मालकाला आपण क-सान, म्हणजे क-साहेब, म्हणू. नाव लिहिलं तर ॲडमिन पोस्ट उडवतील. पन्नाशीचा, स्वच्छ दाढी केलेला, गोड बोलणारा. टॉयलेटचं नाव काढल्यावर त्याने हातांची फुली केली. जपानी माणसाने फुली केली की विषय संपतो, असं लोक म्हणतात. मी म्हटलं, संपत नाही. अर्धा तास त्याचं डोकं खाल्लं. तो हलेना. शेवटी म्हटलं, "माझी म्हातारी आई बरोबर आहे हो, तिच्यासाठीच पाहिजे."

तो थांबला. "आई? तुमच्याबरोबर गाडीतून येणार? पूर्ण प्रवास?"

"पूर्ण प्रवास."

"मग ठीक आहे, वापरा."

बाहेर येऊन मी बायकोला, मेधाला, म्हटलं, "बघितलंस? इथेही घासाघीस चालते."

मेधा म्हणाली, "इतक्या पटकन हो म्हणाला... तुम्हाला खटकलं नाही?"

मला खटकायला हवं होतं. मशीनच्या बाबतीत मी तिथेच उठून गेलो असतो.

आम्ही चौघं निघालो: मी, मेधा, आई आणि आमची सई. सई इथल्याच हायस्कूलला आहे, आजीशी मराठी आणि माझ्याशी भांडताना जपानी बोलते. ओकायामाच्या उत्तरेला डोंगरात चढलो. नुकती भातलावणी झालेली, खाचरांत आभाळ दिसत होतं, गावंच्या गावं म्हाताऱ्यांची. आई खिडकीतून हरखून बघत होती. "सुध्या, इथं रोपं मशीननं लावतात होय रे? ओळी बघ, फूटपट्टीनं आखल्यागत."

दुपारी मिची-नो-एकीला थांबलो. हायवेवरची सरकारी विश्रांतीची जागा, भाजी, खाणं, स्वच्छ संडास. आई एकदाच गाडीतल्या टॉयलेटला गेली असेल, बाकी आम्ही सगळ्यांनी बाहेरचंच वापरलं होतं. आणि टाकीचा लाल दिवा लागलेला. भरली!

तिथे पाटी होतीच: कॅम्पिंग कारची घाण इथे ओतू नये. चित्रासकट. ॲपवर दाखवलेल्या एका कॅम्प साइटवर गेलो तर फाटकाला साखळी, आत गवत कमरेएवढं. दुसरीकडच्या माणसाने, "फक्त मुक्कामी लोकांसाठी," म्हणून हात जोडले. मी मुक्कामाचे पैसे देतो म्हटलं, तर म्हणाला जागा भरली आहे. समोर रिकामं मैदान दिसत होतं! चांगलाच तापलो. शेवटी एका दरीत छोटं ओनसेन सापडलं, गरम पाण्याची न्हाणी. तिथल्या पार्किंगच्या टोकाला सिमेंटचा हौद, लोखंडी झाकण, शेजारी नळ. तिथली बाई म्हणाली, "या, या."

गाडीच्या बाहेरच्या बाजूने छोटं दार उघडून टाकी ओढली, तर टाकीला घाम आलेला. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला येतो तसा. हौदात उपडी केली आणि बघतच राहिलो. स्वच्छ पाणी. वास नाही, आम्ही घातलेलं निळं औषध नाही. हाताला लागलं ते विहिरीच्या तळाच्या पाण्यासारखं गार.

मी मशीनचा माणूस, पहिला संशय वॉल्व्हवर. फ्लशचं पाणी झिरपत असणार. तिथूनच क-सानला फोन लावून झाडलं. तो म्हणाला, "असं का? फ्लश जपून वापरा." मी फ्लशची टाकी पूर्ण रिकामी केली, कोरडी ठणठणीत. आईला सांगितलं, मग्यातलं पाणी थोडंसं टाकत जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत लाल दिवा.

"आई, किती पाणी ओतता हो तुम्ही?" मेधाने विचारलं. आवाज गोडच होता, पण तो तसला गोड.

"मी सकाळपासून गेलेच नाही ग. त्या दुकानात गेले होते ना, सई होती बरोबर."

"हो, आज्जी माझ्याबरोबर आली होती," सई म्हणाली.

"एकदा आली असेल," मेधा म्हणाली. "आई, गेला असाल तर सांगा, त्यात काय एवढं? विसरायला होतं कधीकधी."

तो शब्द. आईचा चेहराच उतरला. ती म्हणाली, "माझं मुतणं मला कळतं, मेधा. तेवढी अजून शाबूत आहे मी."

मग मीही ओरडलो. आईवर, मेधावर, त्या वॉल्व्हवर. सईने कानात बोळे घातले. थोड्या वेळाने मेधा फोनवर काहीतरी टाइप करत होती, आणि कोणाला ते मला विचारायची गरज नव्हती. दादाचं उत्तर आलं तेव्हा तिने फोन उलटा ठेवला.

आसपास दुसरं ठिकाण नव्हतं, म्हणून परत त्याच ओनसेनला. परत घामेजलेली टाकी, परत गार, निव्वळ पाणी. या वेळी तळाशी काहीतरी टकटकलं. मिरीएवढा शंख, झऱ्याच्या दगडांना असतो तसला. मी तळहातावर घेतला तर त्यातून जीव बाहेर आला, शिंगं हलवत. टाकीला आणि झऱ्याला काय संबंध, सांगा! कोणीतरी मस्करी करतंय असं वाटून मी सईचीही उलटतपासणी घेतली. तिने जपानीत जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं थंड होतं. म्हटलं, पेटीसारखं करू. आतलं टॉयलेटचं दार लावून त्यावर टेप मारली. बाहेरचं टाकीचं दार कुलूप लावून त्यावरही टेप. दोन्हीवर सही, अर्धी टेपवर, अर्धी पत्र्यावर. टाकी लावण्याआधी सगळ्यांना आतून रिकामी दाखवली. किल्ली माझ्या खिशात.

"हे काय चाललंय?" मेधा म्हणाली.

"आईचा निकाल," मी म्हटलं. "आज सगळ्यांनी बाहेरचं वापरायचं. संध्याकाळी टाकी कोरडी असली तर दोष आमच्यातला. भरलेली असली तर गाडीतला."

 आईने त्या दिवशी सकाळचा चहा घेतला नाही. पाण्याची बाटली हातात धरून बसली होती, तोंडाला लावताना कोणी पाहिली नाही. कालचाही अख्खा दिवस तिने असाच काढला होता, हे नंतर कळलं. गोळी मात्र वेळेवर घेतली... विसरत नाही हे दाखवायला.

भाजीच्या एका स्टॉलपुढे ती कांदे बघायला वाकली आणि तशीच खाली बसली. ओठ पांढरे. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणीच नाही, वर ही गोळी. मेधा तिचा हात धरून रडत होती. वाईट नाहीये ती. आई डोळे मिटून पुटपुटत होती, "आता तरी भरायला नको होती ना रे."

मी पार्किंगमध्ये गेलो. भर दुपार, ऊन, समोर बेडूक ओरडतायत. दिवा लाल होता.

आतली टेप शाबूत. बाहेरची शाबूत. सही केसाएवढीही सरकलेली नव्हती. मी टेप कापली, कुलूप काढलं, टाकी ओढली. दोन्ही हातांनी उचलेना एवढी जड, बाहेरून पाणी ठिबकतंय.

मेधाला बोलावून दाखवलं. तिने कापलेली टेप उचलून पाहिली. मग म्हणाली, "टेप तुमची, सही तुमची, किल्ली तुमची."

"म्हणजे? मी भरली?"

"तुम्ही आईंसाठी काहीही कराल. मी दोष देत नाही. पण दादांना हे सांगू नका, ते हसतील."

उभ्या आयुष्यात माझ्या सहीवर कोणी संशय घेतला नव्हता. पहिला घेतला तो माझ्या बायकोने.

टाकी रिकामी करायला मी एकटाच ओनसेनला गेलो. ती बाई बाहेर आली, गाडीकडे बघून म्हणाली, "रागावू नका, पण ही गाडी पूर्वीही आली आहे. तेही लोक रोज यायचे, आणि असंच नुसतं पाणी ओतायचे."

"कोण लोक?"

"जपानीच कुटुंब. त्यांच्याबरोबरही एक आजी होत्या." पुढे म्हणाली, "सगळे त्यांना बोलत होते. त्या तिथे बाकावर बसून होत्या, एकट्याच."

सहल तिथेच संपली. आईला ट्रेनने मेधा आणि सईबरोबर पुढे पाठवलं आणि मी गाडी परत द्यायला गेलो. माणूस गाडी परत घेताना आधी ओरखडे बघतो. क-सानने ओरखडे पाहिले नाहीत. तो सरळ मागे गेला, टाकीचं दार उघडलं, टाकीवर हात फिरवला आणि दार लावलं. मग मला विचारलं, "आईंची तब्येत आता कशी आहे?"

आई आजारी पडली हे त्याला मी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

त्याची कॉलर धरायचीच बाकी होती. "तुला माहीत होतं! आई आहे म्हटल्यावर तू हो म्हणालास! काय आहे त्या गाडीत?"

तो कमरेत वाकला. "गाडीत कोणताही दोष नाही." सरळ झाला, परत वाकला. "कोणताही दोष नाही." त्यापलीकडे एक शब्द नाही. मी अख्ख्या गिरण्यांचा भाव पाडला आहे, पण त्या माणसाकडून मला एक वाक्य काढता आलं नाही.

पाणी कुठून आलं, मला माहीत नाही. ओळखीच्या एका मराठी पोस्टडॉकला, विद्यापीठातल्या संशोधकाला, विचारलं. तो म्हणाला, हवेतली वाफ थंड होऊन साचली असेल. म्हटलं, आणि शंख? तो हसला. घरात म्हातारं माणूस असलं तरच हे होतं का, क-सान ते टॉयलेट म्हाताऱ्यांसाठीच का वापरू देतो, त्याला त्यातून काय मिळतं... सगळे तर्क करून झाले, एकही टिकत नाही. गाडी अजून त्याच्या आवारात उभी आहे. परवाच बघून आलो.

आई आता दादाच्या फ्लॅटवर आहे, सातव्या मजल्यावर. इचलकरंजीचं घर भाड्याने गेलं. दादाच्या कारणांच्या यादीत गॅसचं पातेलं आहेच, पण सगळ्यांत वर ही सहल आहे. टॉयलेटला गेलेलं आठवत नाही, पाणी प्यायचंही आठवत नाही, मग एकटी कशी ठेवायची? मी टेपचं सांगितलं, तर "सुधीर, पुरे," म्हणाला. आई फोनवर माझ्याशी हवापाण्याचं बोलते. शेजारच्या दारांची तिथे ओळख नाही म्हणते, दारं बंद असतात म्हणते.

क-सान, तुझ्याकडे मराठी वाचणारं कोणी असेल, नसेल. मी हे जपानीत करून तुझ्या दारावर चिकटवणार आहे. ते पाणी कुठून येतं ते तुझ्यापाशीच ठेव. मला नको. पण माझ्या भावाचा पुण्याचा नंबर मी त्याच कागदावर लिहिणार आहे. त्याला फोन कर आणि एवढंच सांग, की ते पाणी माझ्या आईचं नव्हतं.