खुडूक कोंबडीसाठी अंडी

आठवीत शाळा सुटली आणि कामासाठी सांगलीकडून मी इथे कळमनुरीला आलो. मालकाने अंड्यांच्या दुकानात ठेवून घेतलं, झोपायला माळा दिला. उपकारच आहेत, म्हणून गिऱ्हाईक परत जाईल याची सारखी धास्ती वाटते.

बाजारच्या दिवशी ती म्हातारी आली. मुठीची नळी करून एकेक अंडं उन्हाकडे धरून बघू लागली. खायला नेणारं माणूस असं बघत नाही.

"आजी, कशाला हवीत?"

"कोंबडी खुडूक बसली, बापू. अंडी न्हाईत तरी उबवायची जागा सोडंना. रोगानं समद्या गेल्या, गावात कोंबडा बी राहिला न्हाई. ही एकच वाचली. हिच्याखाली पिलं निघाली तरच पुन्हा कोंबड्या होतील."

मालक मागेच बसला होता. तरी मी हळूच सांगितलं, "ही पोल्ट्रीची आहेत. त्या कोंबड्यांना कोंबडा भेटतच नाही. यातून पिलं निघत नाहीत."

तिने दुकानभर रचलेल्या ट्रेकडे पाहिलं. "एवढ्यातून एक बी न्हाई?"

"नाही."

"मंग त्या काहून घालून राहिल्या?"

जगभर माणसं रोज अंडी खातात, हे मला सांगता आलं असतं. पण ती कोंबड्यांबद्दल विचारत होती.

तिने निवडलेली अंडी जपून परत ठेवली. "बरं झालं सांगितलंस, लेकरा. न्हाई तर ती अन् मी, दोघीबी वाट पाहत बसलो असतो. आता तिला पाण्यात बुडवून जाग्यावरून उठवावं लागल."

इथे मला कुणी लेकरू म्हटलं नव्हतं.

आमच्याकडे आईही खुडूक कोंबडीला असंच उठवायची. ओली कोंबडी मग दिवसभर त्या रिकाम्या जागेभोवती फिरत राहायची.