मूठभर काळी बार्ली

सांता क्लारातल्या त्या दुकानात घरी बिअर करण्याचं साहित्य मिळे. दुकानदार साठीच्या पुढचे होते. कोणतंही धान्य देण्याआधी त्यातले दोन दाणे स्वतः चावून पाहायची त्यांना सवय होती.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, प्रयोगशाळेच्या सहलीला लाल बिअर आणीन, असं मी सहकाऱ्यांपुढे जाहीर केलं होतं. विभागात मी एकटीच स्त्री असल्यामुळे माघार परवडणारी नव्हती. मोड आणून भाजलेली तांबूस बार्ली मी दर खेपेला वाढवत होते आणि बिअर अधिकच तपकिरी होत होती. तिसऱ्या खेपेची बाटली घेऊन मी त्या दुकानदारांकडे गेले.

त्यांनी पेला खिडकीशी तिरपा धरला.

"चव उत्तम, प्रोफेसर. रंग मात्र डबक्याचा."

"तांबूस बार्ली आणखी वाढवू?"

"निम्मी करा." मग त्यांनी कोळशासारखी काळी भाजलेली बार्ली मुठीत घेतली आणि त्यातली बरीचशी परत डब्यात सोडली. "आणि ही एवढीच घाला."

"काळं घालून लाल?"

"फिकट बिअरमध्ये काळं अगदी थोडं पडलं, की लाल दिसतं. तुम्हा हुशार माणसांना थोडं घालणंच जमत नाही."

सहलीत बिअर माणकासारखी लाल उतरली. ही युक्ती कुणाची, असं आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं. "तीन प्रयोगांनंतर मीच शोधली," मी म्हणाले. ते खोटं होतं. पण खरं सांगायचं ठरवलं असतं, तरी त्या माणसाचं नाव मला सांगता आलं नसतं. ते मी कधी विचारलंच नव्हतं.