मांडीपर्यंतचा चिखल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आमच्या घरात तिच्यापासून लपवलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नाही, तरी ही टिकली. मग तुम्हालाच का सांगतोय? खरंच माहीत नाही.

औशात आमच्या गच्चीवर पाहुणे जमले की पुतणी हटकून म्हणते, "काका, ते खाडीचं सांगा की." मग मी सुरू. जहाजातून तेल सांडलं, कोकणातल्या एका खाडीतल्या तिवरांवर, म्हणजे खारफुटीवर, चढलं, अन् ती झाडं जगतात का मरतात हे बघायला लातूरकडचा एक माणूस तिथं गेला — म्हणजे मी. मांडीपर्यंत चिखलात शिरलो, पायाला खेकडा लटकला, वगैरे. बायको मधेच म्हणते, "विहिरीत पाय सोडून बसायला भितेत, अन् खाडीत शिरले म्हणे." सगळे हसतात. मीही हसतो, सगळ्यांत मोठ्यानं.

ती खाडी मला अजून दिसते, उघड्या डोळ्यांनी. पाणी कुठं संपतं अन् धुकं कुठं सुरू होतं, कळत नाही. तिवरांच्या दाटीत एक हिरवी, ओली वाट जाते आणि आतून बुडबुड आवाज येतात — जणू चिखलच झोपेत बोलायलाय. उदगीरच्या कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकलो खरा, पण माझी ओळख तूर-हरभऱ्यापुढं गेली नव्हती. इथं चिखलातून बोटांएवढी मुळं वर आलेली, अन् झाड त्यांतूनच श्वास घेतं. त्यांवर तेलाचा थर बसला तर वर पालवी हिरवी राहते आणि खाली झाड गुदमरत असतं. म्हणून लांबून बघून चालत नाही. आत जायचं, मुळं तपासायची, साल नखानं खरवडायची. हे मला नीट शिकवलं होतं. माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही.

आणि पाहणीची वाटणी झाली तेव्हा आतला भाग मी मागून घेतला होता — "आम्ही काळ्या रानातली माणसं, चिखलाचं आम्हाला काय सांगता?"

होडी मला आतल्या बांधाशी सोडून गेली. मी एक पाय टाकला. आमच्या रानातला चिखल चप्पल धरतो, फार तर पाऊल. ह्यानं मला धरलं — आणि खाली काही लागेचना. कसाबसा पाय ओढला, बांधावर बसलो. वारा गोड होता. पालवी डुलत होती, आणि बघता बघता ती मला आमच्या तुरीसारखी दिसायला लागली. डोळा लागला की काय? लागला असेल. जाग आली तेव्हा भरती चढत होती, होडीचा आवाज जवळ आला होता. तेव्हा मी ओंजळीनं चिखल घेतला अन् मांडीपर्यंत पायांना फासला. नीट, कुठं कोरडी जागा न ठेवता.

धक्क्यावर एक मावशी उभ्या होत्या. आतल्या खाडीत शिंपल्यांतली कालवं काढून त्या घर चालवायच्या. तेल आल्यापासून त्यांना आत जायला बंदी होती. त्यांनी माझे पाय पाहिले. "आत जाऊन आलात? जगतील ना आमची तिवरं?"

"जगतील," मी म्हणालो.

पाहणीच्या बैठकीतही तेच सांगितलं. मुळं धुवायला येणारी माणसं मग दुसरीकडं पाठवली. पुढच्या फेऱ्यांनाही मी बांधावरच बसलो. चिखल फासायला तर सरावलोच.

वर्षभरात आतली तिवरं उभ्या उभ्या वाळली. कालवं गेली. मावशी शहरात लोकांची भांडी घासायला गेल्या.

मागं एकदा त्यांना फोन लावला, सांगून टाकायचंच म्हणून. त्यांनी आवाज ओळखला, मुलाबाळांचं विचारलं. मग म्हणाल्या, "वाडीतले काहीबाही बोलतात हो, बघायला आत कुणी आलंच नव्हतं म्हणून. मी नाही ऐकून घेत. म्हटलं, ते लातूरचे भाऊ दर वेळी जायचे. त्यांना नावं ठेवू नका."

मी "हाव" म्हणालो, आणि तिकडं पाऊस कसा आहे ते विचारलं.