बोट उलटलेला चॅम्पियन

कॅनबेराला लॉकडाऊन लागलं त्याच आठवड्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढे वाढवलं गेलं नाही. बायकोला सांगितलं, बाकी कुणालाच नाही. ती डॉक्टर, रोज शिफ्टला जायची. मी गुंगालिन या उपनगरातल्या आमच्या घरात इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचो. पुण्याहून आईबाबांचा व्हिडिओ कॉल आला की मीटिंग मधेच सोडून आल्यासारखा चेहरा करायचो. पंचेचाळिशीत हे नाटक करताना माझीच मला किळस यायची.

व्यायामापुरतं बाहेर पडायची मुभा होती. एकदा शेजारचे हंगेरियन आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, "चल रे तळ्यावर. एकट्याला कंटाळा येतो."

अंतर ठेवून आम्ही चालू लागलो. थंडी मरणाची. त्यांचा एक गुडघा धड वाकत नव्हता. काय झालं विचारलं, तर म्हणाले, तरुणपणी ते कॅनूच्या शर्यतीत उतरायचे. एक गुडघा बोटीत टेकून, एकाच बाजूने वल्हं मारत.

"तुमच्याकडे क्रिकेट, तसं आमच्याकडे हे. न्हावी मला रांगेत बसू द्यायचा नाही, आधी माझेच केस कापायचा. मग एका मोठ्या फायनलला सगळ्यांच्या पुढे असताना माझा तोल गेला. बोट उलटली. अख्ख्या देशाने पाहिलं."

"मग?"

"मग काय, घराबाहेर पडेनासा झालो. शेवटी इथे आलो, कारण इथे मला कुणी ओळखत नव्हतं. आमच्या लोकांच्या क्लबातही कित्येक वर्षं गेलो नाही. बायकोने एकदा ओढूनच नेलं. दारातच एकजण ओरडला, अरे, हा तर तो पाण्यात पडलेला! सगळे हसले. मग त्यानेच मला आपल्या शेजारी जेवायला बसवलं."

हे सगळं ते मला का सांगतायत, ते एकदम लक्षात आलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोने. काळजीत आहे ती."

माझी कानशिलं तापली. तसाच मागे फिरलो. ती घरी आली तेव्हा गालांवर मास्कचे वळ होते. तरी मी आवाज चढवलाच. "शेजारीपाजारी सांगत फिरतेस?"

"मग कुणाला सांगू? तू तर बोलतच नाहीस."

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन लावला आणि सांगून टाकलं. मागून आईचा आवाज आला, "कुणी विचारलं तर रजेवर आहे म्हणू या."

"रजाबिजा काही नाही," बाबा म्हणाले. "नोकरी गेली आहे त्याची. मिळेल दुसरी."

मिळाली, थंडी सरून उन्हाळा आल्यावर. तोवर आजोबांबरोबरचं फिरणं मी पुन्हा सुरू केलं होतं. एकदा सहज इंटरनेटवर त्यांचं नाव टाकलं. पदकंच पदकं. एका जुन्या फोटोत लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतलं होतं. माझ्यासाठी त्यांनी नेमकं आपलं पडणंच निवडलं होतं, आणि इतके महिने मी आपलंच रडगाणं गात राहिलो. एकाही जिंकलेल्या शर्यतीबद्दल विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. ते आधी थांबले, मग लहान मुलासारखे खुलले. तळ्याची फेरी पूर्ण होईपर्यंत बोलत होते. माझी मात्र मान वर करून त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.