नऊ खून आणि हरकतीचा रकाना

निवृत्तीनंतर चोऱ्या, दंगे, मंत्र्यांचे बंदोबस्त सगळे हळूहळू विसरलो. तिरुवैयारूजवळच्या एका गावातले ते कान टोचण्याचे जेवण मात्र डोक्यातून जात नाही. नावे लिहिणार नाही, गावाचेही नाही. ज्यांची माणसे गेली त्यांना झाले तेवढे पुरे आहे.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी, ठाण्यात तमिळ, कागदावर इंग्रजी, अशी माझी सारी नोकरी गेली. मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. दुपारी फोन आला, जेवणावळीत माणसे पटापट पडताहेत. पोहोचलो तेव्हा मांडवात अर्धवट जेवलेली केळीची पाने तशीच होती. संध्याकाळपर्यंत नऊ जण गेले. ज्याचे कान टोचले तो मुलगा, त्याची बहीण, बाप आणि सहा नातेवाईक. मुलाची आई वाचली, कारण ती वाढत होती, जेवायला बसलीच नव्हती. विष पायसममध्ये, म्हणजे खिरीत होते आणि ते तिनेच पानापानात वाढले होते.

मी आचाऱ्याला उचलले. खीर त्याने केली, मग दुसरा कोण? ठाण्यासमोर गाव जमले. "अय्या, त्याला आमच्या ताब्यात द्या, आम्ही बघतो." खरे सांगतो, माझीही खात्री झाली होती. दोन थोबाडीत मीही ठेवून दिल्या. त्याची लाज अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. जेवणावळीत उष्टी पाने उचलायचे काम ती करायची. बाकावर बस म्हटले तरी बसेना.

"माझं कोण ऐकणार, अय्या? पण एक पान पलीकडं मिटलेलं होतं."

मी ताडकन उठलो. आमच्याकडे शुभकार्यात जेवण झाले की पान आपल्या बाजूला मिटतात. पलीकडे मिटतात ते फक्त मयताच्या जेवणात. हे इथे पोराटोरांनाही माहीत असते.

"कुणाचं पान?"

"यजमानांच्या धाकट्या भावाचं."

हा धाकटा भाऊ इस्पितळात सलाइन लावून पडला होता. मलाही उलट्या झाल्या, असे येईल त्याला सांगत होता. मी त्याच्या वहिनीकडे, म्हणजे त्या वाचलेल्या बाईकडे गेलो आणि एवढेच विचारले, की दिराला पायसम वाढले का. ती म्हणाली, "वाढायला गेले तर पान मिटलेलं. म्हटलं, गोड नको का? तर म्हणाले, पोट भरलं, वहिनी."

डिस्चार्ज मिळताच त्याला ठाण्यात आणले. दोन तास एकच पाठ केलेली गोष्ट. विषाचा विषय मी काढलाच नाही. सहज विचारले, "पुतण्याच्या कान टोचण्यात पान पलीकडं का मिटलंस?"

तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "सवयीनं."

"असली सवय कुणाला असते रे?"

त्याने पाणी मागितले. प्याला आणि बोलायला लागला. पायसमच्या पातेल्यात विष त्यानेच कालवले होते. त्या वर्षी गावच्या देवळातला पहिला मान, पुजारी डोक्याला वस्त्र बांधतो तो, थोरल्या भावाला मिळाला होता. "मी काय माणूस नाही?" असे मलाच विचारले त्याने! एका फडक्यासाठी नऊ जीव, त्यात दोन लेकरे. दरोडेखोरांबरोबर मी चहा प्यायलो आहे, पण त्या दिवशी मला उठून बाहेर जावे लागले.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पंचांसमोर त्याने पंपाच्या खोलीमागे पुरलेला विषाचा डबा काढून दिला, पुढे प्रयोगशाळेचा अहवाल जुळला आणि केस उभी राहिली. आचाऱ्याची मी हात जोडून माफी मागितली. तो तोंड फिरवून निघून गेला.

रिमांडसाठी कोर्टात न्यायच्या सकाळी वरिष्ठांचा फोन आला. "रस्त्यात आरोपी पळायला बघतात कधीकधी. समजलं ना?"

"समजलं, सार. पण ते माझ्याकडून होणार नाही."

माझा ड्रायव्हरही फुरंगटून बसला होता. "नऊ मुडदे पाडणाऱ्याला इडली कशाला खाऊ घालता, सार?"

माझे डोके फिरले. "अरे, परवा तुम्ही सगळे आचाऱ्याला मागत होता! दिला असता तर आज कुणाला तोंड दाखवलं असतंस?"

माझे मत तेव्हा तेच होते आणि आजही तेच आहे. जमाव चुकला तर मेलेला माणूस उठून येत नाही. खाकी चुकली तरी नाही. म्हणून कोर्ट हवे, वकील हवा, अपील हवे, आणि ते असल्या नराधमालाही हवे. वाटेत दगड आले, एक माझ्या भुवईवर बसला. ती वाचलेली आई रस्त्याच्या कडेला उभी होती. ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या पोरांच्या मारेकऱ्याला पाठीशी घालून नेत होतो.

सत्र न्यायालयाने फाशी दिली, वरच्या कोर्टाने जन्मठेप केली. चहाच्या टपरीवर वाद रंगले. एक म्हणे भर चौकात लटकवा, दुसरा म्हणे सरकारनेच जीव घेतला तर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय? दोघांचेही मला थोडे थोडे पटायचे. त्या आईला मात्र कोणी काही विचारले नाही.

विचारले ते चौदा वर्षांनी. त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा कागद आला, त्यात एक रकाना होता: पीडितांची हरकत आहे काय? मी तेव्हा डीएसपी झालो होतो. ती पापनाशमला भाड्याच्या खोलीत एकटी राहून शिवणकाम करत होती.

"फाशी द्या म्हटलं तर देणार का, अय्या?"

"नाही, अम्मा."

"सोडा म्हटलं तर लगेच सोडणार?"

"तसंही नाही."

"मग मला कशाला विचारता?" हातातले शिवण बाजूला ठेवून म्हणाली, "हरकत आहे. लिहा."

लिहिले. तो सुटला नाही. दोन वर्षांनी तोच कागद, तोच रकाना, आणि तिच्या दारात पुन्हा मी.

"त्याला शिक्षा एकदा झाली," ती म्हणाली. "मला दर खेपेला नवी. पायसम कुणी वाढलं, हे दर खेपेला मीच सांगायचं? मी चालले इथून. पत्ता तुम्हाला देते, कारण तुम्ही निदान मान खाली घालता. पण कुणाला पाठवू नका. शब्द द्या." हरकत याही खेपेला लिहिली आणि मी शब्द दिला. ती ओरत्तनाडूच्या बाजूला गेली.

मी निवृत्त झाल्यावर एका नव्या इन्स्पेक्टरचा फोन आला. पोरगा नम्र होता. "सार, ती बाई पत्त्यावर नाही. तुम्हाला ठाऊक असेल. हरकत आली नाही तर तो बहुतेक सुटेल."

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

त्याने रकान्यात लिहिले, पत्ता मिळाला नाही, हरकत प्राप्त नाही. गेल्या पोंगलच्या आधी तो सुटला.

नऊ खुनांना न्याय्य शिक्षा कोणती, हे एवढ्या नोकरीनंतरही मला सांगता येत नाही. एवढे मात्र कळले, की शिक्षेचे ओझे राज्याने स्वतः उचलायचे असते. आपण एक रकाना छापतो, ते ओझे जिचे सर्वस्व गेले तिच्या डोक्यावर ठेवतो आणि वर म्हणतो, हा तुझा हक्क. आणि मी? जमावापासून ज्याला कायद्यासाठी वाचवले, त्याला कायद्याशी खोटे बोलून बाहेर काढले.

परवा तिचा फोन आला. कोणीतरी सांगितले असावे.

"अय्या, त्याला कुणी सोडलं?"

"सरकारनं, अम्मा," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.