मोटेच्या बैलांनी काढलेलं इंजिन

आजोबांची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली, तेव्हापासून आमच्या नावावर गुंठाभरही रान नव्हतं. वडील दुसऱ्यांचे ट्रक चालवायचे आणि आई दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायची. आवणीत तिच्या पायांच्या बेचक्या कुजायच्या. मग ती हळद-तेल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरायची. मी पहिल्यांदा चप्पल घातली ती आठवीत. हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही.

पुढे वडिलांनी एक जुनी जीप आणली आणि पौडच्या स्टँडबाहेरून आतल्या गावांना माणसं न्यायला लागले. त्याच वर्षी मी पुण्यात कॉलेजला नाव घातलं. माझी फी जीपच्याच पैशातून जायची. बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला तीन आठवडे उरले असताना ती खडखडून बंद पडली.

"गाडी न्हाई चालली तर मी घाटाखाली ट्रकवर जाणार," वडील म्हणाले. "आई कामाला जाती. धाकटी दोघं हायेत. घरी तूच पायजे. परीक्षा फुडल्या वर्सी."

पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं, कारण ते माझ्याकडे न बघता बोलत होते.

पौडच्या बाजारात पत्र्याच्या शेडखाली एक मेस्त्री बसायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी जीपखाली डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"बेअरिंग गेलं. क्रँक घासाय लागंल. इंजिन खाली घेतल्याबिगर काय व्हत न्हाई."

"मग गेअरबॉक्सासकट काढा," वडील म्हणाले. "एकदाच काढायचं, एकदाच बसवायचं."

"आन् उचलायचं कशानं? तुमच्या मिशीनं?"

चाचांकडे पाने सगळे होते, पण इंजिन उचलायचा साखळीचा कप्पा नव्हता. तो पुण्यात, आणि जीप पुण्यापर्यंत जाणार नव्हती. आई ज्यांच्या मळ्यात कामाला जायची ते तिच्या गावचे, म्हणून आमचे मामा. ते शेजारी बसून हे ऐकत होते. त्यांच्या विहिरीवर नुकताच विजेचा पंप बसला होता. पाणी ओढायची चामड्याची मोट पडून होती, आणि तिचे दोन बैल खाऊन-पिऊन सुस्तावले होते.

चाचांनी त्यांना विचारलं, "तुमच्या भरल्या मोटंचं वजन किती?"

"चार गड्यांना न्हाई उचलायची."

चाचा इंजिनाकडे बघत राहिले. "नुसतं इंजिन तेवढंच असंल. गेअरबॉक्स राहू द्या जाग्यावर. खाली लाकडाचा ठोकळा लावू."

वाद तिथंच मिटला. बैलांना झेपेल तेवढंच काढायचं.

जीप ढकलत विहिरीवर नेली. मोटेचं चाक विहिरीवरून काढून शेजारच्या आंब्याच्या जाड फांदीला बांधलं. बोल्ट खोलताना चाचा मला म्हणाले, "तू लिवून ठिव. माझ्या डोक्यात सगळं राहतंय, पर डोकं आता साठीचं झालंय." मी अर्थशास्त्राच्या वहीची मागची पानं उघडली. गेअरबॉक्सच्या सांध्याचे वरचे दोन बोल्ट लांब, खालचे आखूड. रेडिएटरचे चार. सायलेन्सरचे तीन, त्यातला एक वाकडा. तेवढं सुवाच्य मी परीक्षेतही लिहिलं नसेल.

मोटेचे बैल विहिरीपासून उतरत्या धावेवरून खाली चालत जातात आणि मोट वर येते. मामांनी दोर असा मापून बांधला की बैल धावेच्या टोकाला पोचले की इंजिन जीपच्या वर यावं. टोकाला बैल आपणहून उभे राहतात, त्यामुळे त्यांना धरायचीही गरज नाही, असा त्यांचा हिशोब.

दोर ताणला. चाचांनी पहारीनं इंजिन पुढं सरकवून गेअरबॉक्सच्या शाफ्टातून सोडवलं. ते डोलत वर आलं. बैल टोकाला उभे राहिले. चाचांनी बिडी काढली, आणि तेवढ्यात बैल मागं चालायला लागले. इंजिन संथपणे खाली आलं आणि होतं तिथंच बसलं.

"धा वरसं हेच केलंय त्यांनी," मामा ओशाळून म्हणाले. "टोकाला थांबायचं, मोट रिकामी झाली की मागं यायचं. इंजिनात पाणी नसतं, हे त्यांना काय म्हाईत."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा वडिलांनी बैलांच्या मागं उभं राहून त्यांना रेटून धरलं. बैल त्यांनाही घेऊन धाव चढून आले.

"ड्रायव्हर," चाचा म्हणाले, "यांचा रिव्हर्स तुमच्यापरीस चांगला हाय."

सगळे हसले. मी हसले नाही. मला दिवस मोजता येत होते.

आई तेवढ्यात खुरपं ठेवून पदराला हात पुसत आली. तिनं वर्षानुवर्षं त्या मळ्यात पाटाचं पाणी फिरवलं होतं.

"मोट वतून व्हईस्तवर ते थांबत्यातच की," ती म्हणाली. "मी पाट फोडताना मोजायची. वीस म्हणंस्तवर थांबत्यात. तेवढ्यात गाडी मागं ढकला. खाली ते सोताच ठिवत्याल."

मामांनी मळ्यातले गडी बोलावले. सहाजण जीपच्या नाकाला लागलो. इंजिन वर आलं, बैल थांबले, आई मोठ्यानं मोजायला लागली. चौदाला जीप बाहेर निघाली. विसाला बैल मागं सरकले, आणि इंजिन खाली अंथरलेल्या पोत्यांवर अलगद टेकलं.

"वैनी," चाचा म्हणाले, "तुमी गॅरेजात या कामाला."

"तिथं बैल हायेत का?" आईनं विचारलं.

क्रँक घासायला पुण्याला न्यायची होती. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून वडिलांनी आणि मी ती एसटीत मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, "बाळ लई गप हाय." वडील म्हणाले, "आजारी हाय, म्हणून तर पुण्याला चाललोय."

बसवायच्या दिवशी बैलांनी इंजिन उचललं, आईनं मोजलं, जीप या वेळी पुढं ढकलली. इंजिन जागेवर आलं, पण गेअरबॉक्सशी चार बोटं फट राहिली. वडील म्हणाले, बोल्ट आवळून ओढून घेऊ.

"वढलं तर क्लचप्लेट फुटंल," चाचा म्हणाले. "शाफ्टाचे दात प्लेटीत बसू द्या." त्यांनी मला पुढच्या हँडलशी उभं केलं. "फिरव. हळू. थांब. आनखी चिमूटभर." टक् आवाज झाला आणि फट मिटली.

मी वही वाचत गेले, चाचा एकेक बोल्ट आवळत गेले. शेवटी पोत्यावर एक बोल्ट उरला. वडिलांचा चेहरा उतरला. मी वही दोनदा तपासली. "वहीतले सगळे लागले," मी म्हणाले. "हा जीपचा नाही."

मामांनी तो उचलून निरखला. "माझा हाय. मोटंच्या चाकाचा."

इंजिन पहिल्या हँडलला सुरू झालं नाही, तिसऱ्याला झालं.

सोमवारी पहिला पेपर. नवी बेअरिंगं, जोरात पळवायची नाही म्हणून वडिलांनी मला उजाडायलाच जीपमध्ये घातलं. भूगाव ओलांडेपर्यंत दोन सायकलवाले आमच्या पुढे गेले. कॉलेजच्या दारात वडील एवढंच म्हणाले, "इंजिनाचं लिवलं तसं लिव."

वडील घाटाखाली गेले नाहीत. जीप पुढेही बरीच वर्षं पौडच्या स्टँडबाहेर उभी राहिली. जूनमध्ये निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी.